हौसेची मंडळे आणि लोकवर्गणीचा हिशोब

पेण व रोहा या तालुक्यांतील गावांतून सायंकाळी फेरफटका मारला, तर कोठे ना कोठे चार माणसे एखाद्या छंदापायी एकत्र जमलेली दिसतात. भातकापणीनंतर मोकळ्या झालेल्या खाचरात कबड्डीचे मैदान आखले जाते. आळीतील देवळात भजनी मंडळाचा ठेका धरलेला असतो. शाळेच्या वर्गात बाके बाजूला सारून हौशी नाटकाची तालीम चाललेली असते. रविवारी पहाटे काही तरुण कुदळ-फावडी घेऊन अवचितगडाची वाट धरतात. रोह्याच्या भाटे सार्वजनिक वाचनालयासारख्या संस्थांनी वाचनाची आवड जोपासली, तर पेणच्या गणेशमूर्तींनी महाराष्ट्रातील असंख्य उत्सव मंडळांचे मखर सजविले. हौसेची ही परंपरा जिल्ह्याचे भूषण होय.

या सर्व संस्थांत एक गोष्ट समान आहे. हौस सभासदांची असते, परंतु पैसा बहुधा गावाचा असतो. पावतीपुस्तक हाती घेऊन मंडळाचे दहा कार्यकर्ते दारी येतात आणि गृहस्थ आपल्या ऐपतीप्रमाणे एकावन्न किंवा एकशे एक रुपये देतो. वर्गणी मागण्यास दहा जण येतात. हिशोब सांगण्यास सहसा कोणी येत नाही. त्यात अफरातफर असतेच असे मुळीच नाही. किंबहुना बहुतेक मंडळांचे कार्यकर्ते पदरमोड करूनच काम करतात. परंतु न सांगितलेला हिशोब आणि चुकलेला हिशोब यांत बाहेरच्या माणसाला फरक कळत नाही आणि दोन-तीन वर्षांनी कुजबुज सुरू होते. मंडळे फुटतात ती पुष्कळदा या कुजबुजीपायी.

लहान रकमांतून मोठे कार्य उभारण्याची रीत महाराष्ट्राला नवी नाही. विसाव्या शतकाच्या आरंभी अंताजी दामोदर काळे यांनी प्रत्येकाने वर्षाकाठी एक पैसा द्यावा अशी ‘पैसा फंडा’ची योजना गावोगाव फिरून मांडली आणि त्या निधीतून १९०८ मध्ये तळेगाव येथे काचेचा कारखाना उभा राहिला. त्यापूर्वी, १८९५ मध्ये, रायगडावरील शिवछत्रपतींच्या समाधीच्या जीर्णोद्धारासाठी लोकमान्य टिळकांनी ‘केसरी’तून निधीची हाक दिली होती. वर्गणीदारांची नावे व रकमा वृत्तपत्रांतून छापण्याची चाल त्या काळी होती. आज आठ आण्यांची वर्गणी उरली नाही आणि वृत्तपत्रात यादी छापणेही परवडत नाही. तरीही दिलेल्या रकमेचे पुढे काय झाले हे जाहीरपणे कळावे, ही अपेक्षा तितकीच रास्त आहे.

हौसेला कायद्यात असलेले स्थान

छंद ही ज्याची त्याची खाजगी बाब, तिच्याशी कायद्याचा काय संबंध, असे पुष्कळांना वाटते. वस्तुस्थिती तशी नाही. १८६० च्या संस्था नोंदणी अधिनियमात साहित्य, विज्ञान व ललित कलांचे संवर्धन, ग्रंथालये व वाचनालये चालविणे, चित्रसंग्रह व वस्तुसंग्रहालये स्थापणे हे उद्देश नोंदणीस पात्र ठरविले आहेत. किमान सात व्यक्तींनी एकत्र येऊन घटना व नियमावली सादर केली, की अशी संस्था नोंदता येते. त्याहून महत्त्वाचा आहे तो १९५० चा मुंबई सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियम, ज्याचे नाव आता महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियम असे झाले आहे. या अधिनियमाच्या कलम ९ मध्ये धर्मादाय प्रयोजनांची जी गणना आहे, तीत गरिबांना साहाय्य, शिक्षण व वैद्यकीय मदत यांच्या जोडीला करमणुकीच्या व फुरसतीच्या वेळेतील उद्योगांच्या सोयींचाही समावेश आहे. मात्र त्या सोयी समाजकल्याणाच्या व लोकहिताच्या दृष्टीने पुरविलेल्या असाव्यात, अशी अट आहे. इंग्लंडमध्ये १९५८ साली अशाच आशयाचा स्वतंत्र कायदा करावा लागला. तेथील न्यायालयांनी करमणुकीच्या संस्थांना धर्मादाय मानण्याविषयी शंका उपस्थित केल्याने ग्रामीण सभागृहे व क्रीडामंडळे अडचणीत आली होती. फुरसत ही सार्वजनिक हिताची गोष्ट असू शकते हे कायद्याने मान्य केले, तेव्हाच त्या फुरसतीवर खर्च होणारा पैसाही सार्वजनिक ठरला.

येथे एक भेद नीट ध्यानात घ्यावयास हवा. बारा मित्रांनी दरमहा दोनशे रुपये जमवून आपल्यापुरता पत्ते किंवा कॅरमचा अड्डा चालविला, तर तो त्यांचा आपसांतील व्यवहार होय. त्यांनी एकमेकांना हिशोब दिला की काम भागते. परंतु याच बारा मित्रांनी ‘गावातील मुलांसाठी कॅरम स्पर्धा’ म्हणून बाजारपेठेत पावत्या फाडल्या, तर पैसा देणारा आणि तो खर्च करणारा वेगळे झाले. सभासद-वर्गणी आणि लोकवर्गणी यांमधील ही रेषा ज्या मंडळाला कळली, त्याचे निम्मे हिशोबी प्रश्न सुटतात.

नोंदणी नसलेल्या मंडळाने धार्मिक किंवा धर्मादाय कारणासाठी लोकांकडून पैसा जमवावयाचा असेल, तर त्याला याच अधिनियमाचे कलम ४१ क लागू होते. गणेशोत्सव व नवरात्रोत्सव मंडळे दरवर्षी धर्मादाय आयुक्तांच्या संकेतस्थळावरून जी परवानगी घेतात, ती याच कलमाखाली. परवानगी ठरावीक मुदतीपुरती असते आणि उत्सव संपल्यावर जमाखर्च सादर करावा लागतो. परवानगीवाचून वर्गणी जमविल्यास तीन महिन्यांपर्यंत कारावास आणि जमविलेल्या रकमेच्या दीडपटीपर्यंत दंड होऊ शकतो. गडाच्या साफसफाईसाठी किंवा नाट्यमहोत्सवासाठी लोकांपुढे हात पसरणाऱ्या मंडळांना हे कलम आपल्यासाठी नाही असे वाटते. हा समज काढून टाकणे इष्ट.

एका स्पर्धेचा जमाखर्च

हिशोब ठेवणे म्हणजे काय हे नियमांच्या भाषेत सांगण्यापेक्षा उदाहरणाने अधिक स्पष्ट होईल. रोहा तालुक्यातील एखाद्या गावाने दोन दिवसांची कबड्डी स्पर्धा भरविली अशी कल्पना करू. पुढील आकडे केवळ उदाहरणादाखल घेतले आहेत.

सोळा संघांची प्रवेश फी प्रत्येकी ५०० रुपयांप्रमाणे ८,००० रुपये झाली. गावात फाडलेल्या पावत्यांचे ४२,३५० रुपये जमले. स्मरणिकेतील जाहिराती ३०,००० रुपयांच्या मिळाल्या. एकूण जमा ८०,३५० रुपये. खर्चात बक्षिसे २५,०००, मैदान व मंडप १८,०००, दिवाबत्ती व ध्वनिक्षेपक ९,५००, पंचांचे मानधन व प्रवास ७,२००, भोजन ११,४०० आणि छपाई ४,२५०, मिळून ७५,३५० रुपये लागले. शिल्लक ५,००० रुपये. सभेत अध्यक्ष उभे राहून ‘पाच हजार वाचले’ असे सांगतात आणि टाळ्या पडतात.

आता खजिनदाराची पेटी पाहू. तीत पाच हजार नाहीत. पेटी रिकामी आहे आणि खजिनदाराने मंडपवाल्याला स्वतःच्या खिशातून एक हजार रुपये दिले आहेत. कारण जाहिरातींपैकी ६,००० रुपये अद्याप वसूल व्हावयाचे आहेत. हाती आलेली रक्कम ७४,३५० आणि दिलेली ७५,३५०. अध्यक्षांचा आकडा खरा आहे आणि खजिनदाराची पेटीही खरी आहे. परंतु हे दोन्ही एकाच कागदावर लिहिलेले नसल्याने, दिवाळीच्या सुमारास कोणीतरी विचारतो, ‘ते पाच हजार गेले कुठे?’ ज्या माणसाने पदरचे हजार रुपये घातले, त्याच्याकडेच सारे संशयाने पाहू लागतात. पुढच्या वर्षी तो खजिनदार होत नाही आणि त्याच्याजागी यावयासही कोणी धजत नाही.

यावर उपाय अवघड नाही. ‘जाहिरातदारांकडून येणे ६,०००’ आणि ‘खजिनदारांकडून उसनवार १,०००’ या दोन ओळी जमाखर्चाच्या खाली लिहिल्या की येणे सहा हजार, देणे एक हजार, उरले पाच हजार, असा मेळ चटकन बसतो. ताळेबंद म्हणतात तो याहून फारसा निराळा नसतो. रोजकीर्द, खतावणी आणि प्रत्येक खर्चामागे एक प्रमाणक, एवढी सामग्री ठेवली तर गावातील कोणताही सुशिक्षित तरुण हे काम करू शकतो.

मात्र पावतीपुस्तकाच्या बाबतीत विशेष दक्षता हवी. पुस्तके अनुक्रमांक घालून छापावीत, कोणते पुस्तक कोणाकडे दिले याची नोंद सही घेऊन ठेवावी आणि संपलेले, अर्धवट राहिलेले व कोरे असे प्रत्येक पुस्तक स्थळप्रतींसह परत घ्यावे. रद्द झालेली पावती फाडून फेकू नये. ती पुस्तकातच चिकटवावी. वस्तुरूपाने आलेल्या देणगीचाही विसर पडतो. कोणी चषक दिला, कोणी जेवणाचा तांदूळ दिला, कोणी दोन दिवस ट्रॅक्टर दिला. रोख नसली तरी त्याची नोंद वेगळ्या पानावर व्हावी. देणाऱ्याचा मान त्यात असतो. ‘किरकोळ खर्च’ या सदराविषयी मात्र थोडे स्पष्ट बोलले पाहिजे. काही मंडळांच्या जमाखर्चात हे सदर मंडपाच्या खर्चाशी स्पर्धा करते. चहा, रिक्षा, सुतळी, खिळे यांना किरकोळ म्हणावे, त्यापलीकडे जे काही असेल त्याला त्याचे नाव द्यावे.

नोंदणीकृत न्यासांना लेखापरीक्षण आवश्यक आहे. हिशोबाचे वर्ष मार्चअखेर संपत असल्यास लेखापरीक्षकांचा अहवाल सप्टेंबरअखेरपर्यंत धर्मादाय कार्यालयात दाखल व्हावा लागतो. तेथे दाखल झालेल्या हिशोबाच्या नकला हितसंबंधी व्यक्तीस मागता येतात. परंतु अलिबागच्या कार्यालयातील कपाटात हिशोब असणे आणि गावाला तो ठाऊक असणे यांत अंतर आहे. वर्गणी देणारा शेतकरी एकावन्न रुपयांचा हिशोब पाहण्यासाठी एस.टी.ने अलिबागला जाणार नाही. ज्या घरी पावती फाडली, त्या घरी छापील जमाखर्चाचे एक पान पोहोचविणे, निदान ग्रामपंचायतीच्या व देवळाच्या फलकावर ते लावणे, हे कायद्याने सांगितलेले नसले तरी लोकवर्गणी घेणाऱ्याचे कर्तव्य आहे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

पैसा कोठे ठेवावा

अलीकडे पावतीपुस्तकाची जागा मोबाईलवरील चौकोनी क्यूआर चिन्ह घेत आहे. ही सोय उत्तम. पैसे थेट खात्यात जातात, प्रत्येक रकमेची नोंद आपोआप राहते. अडचण एवढीच, की ते खाते पुष्कळदा मंडळाचे नसून चिटणीसाचे किंवा खजिनदाराचे वैयक्तिक असते. मग मुलाची फी, घराचा हप्ता आणि गडावरील टाक्याच्या सफाईची देणगी एकाच खात्यात मिसळते. कर्जवसुलीत ते खाते गोठविले गेले, खातेदाराचे निधन झाले किंवा प्राप्तिकर विभागाने जमा रकमांचा खुलासा मागितला, तर मंडळाचा पैसा आणि त्या गृहस्थाचा पैसा वेगळा कसा काढावयाचा? मंडळाच्या नावे खाते, मंडळाच्या नावे पॅन क्रमांक आणि दोन पदाधिकाऱ्यांच्या संयुक्त सह्या, याला पर्याय नाही.

बँकेची निवड हाही विश्वस्तांच्या मर्जीचा विषय नाही. अधिनियमाच्या कलम ३५ नुसार न्यासाचा शिलकी पैसा अनुसूचित बँकेत, टपाल बचत बँकेत, राज्य शासनाने त्यासाठी मान्यता दिलेल्या सहकारी बँकेत किंवा सरकारी रोख्यांत ठेवावयाचा असतो. पेण परिसराला या तरतुदीचे महत्त्व वेगळे सांगावयास नको. २०१० मध्ये रिझर्व्ह बँकेने पेण अर्बन सहकारी बँकेवर निर्बंध घातले, पुढे तिचा परवानाही रद्द झाला, आणि असंख्य ठेवीदारांची आयुष्यभराची पुंजी अडकून पडली. त्या वेळी ठेव विम्याचे संरक्षण प्रत्येक ठेवीदारास एक लाख रुपयांपर्यंतच होते. फेब्रुवारी २०२० पासून ते एका बँकेत एका ठेवीदारास व्याजासह पाच लाख रुपयांपर्यंत आहे. वाचनालयाच्या इमारतीसाठी वर्षानुवर्षे जमविलेला निधी याहून मोठा असेल, तर तो सारा एकाच बँकेत एकाच नावाने ठेवणे शहाणपणाचे नव्हे. ओळखीच्या बँकेत पाव टक्का व्याज अधिक मिळते, हे कारण लोकांच्या पैशाला पुरेसे होत नाही.

निधी उभारण्याचे काही मार्ग मात्र टाळलेलेच बरे. ‘भाग्यवान सोडती’ची तिकिटे विकून पैसा जमविण्याची कल्पना दरवर्षी कोणाच्या तरी डोक्यात येते. राज्याने चालविलेल्या किंवा प्राधिकृत केलेल्या सोडतीखेरीज अन्य सोडतीचे कार्यालय चालविणे भारतीय न्याय संहितेनुसार गुन्हा आहे.

कारखाने, पंचायत आणि दूरचे देणगीदार

रोह्यालगत धाटाव येथे औद्योगिक वसाहत असल्याने तेथील मंडळांचे लक्ष कारखान्यांकडे लागलेले असते. कंपनी अधिनियम, २०१३ नुसार ठरावीक आर्थिक मर्यादेवरील कंपन्यांना आपल्या नफ्याचा काही भाग सामाजिक दायित्वासाठी खर्च करावा लागतो आणि त्यासाठी मान्य केलेल्या विषयांत ग्रामीण क्रीडाप्रकारांचे प्रशिक्षण, सार्वजनिक ग्रंथालये व पारंपरिक कला-हस्तव्यवसाय यांचा समावेश आहे. म्हणजे कबड्डीचे प्रशिक्षण केंद्र किंवा वाचनालय या निधीस पात्र ठरू शकते. तथापि २०२१ पासून अशा निधीतून काम करणाऱ्या संस्थेला कंपनी व्यवहार मंत्रालयाकडे स्वतंत्र नोंदणी करावी लागते आणि त्यासाठी प्राप्तिकर कायद्याखालील नोंदणी आवश्यक असते. अशी कागदपत्रे एका रात्रीत तयार होत नाहीत. स्पर्धेच्या आदल्या आठवड्यात व्यवस्थापकांना भेटावयास जाणाऱ्या शिष्टमंडळाला रिकाम्या हाताने परतावे लागते ते यामुळे. स्मरणिकेतील जाहिरात हा या निधीचा भाग नव्हे, हेही सांगणे जरूर आहे. नाव झळकविण्याच्या बदल्यात दिलेली रक्कम कंपनीच्या प्रसिद्धीखर्चात जाते. मंडळानेही तिची नोंद ‘देणगी’ म्हणून न करता ‘जाहिरात उत्पन्न’ म्हणून करावी.

महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियमाच्या ग्रामसूचीत आखाडे, क्रीडांगणे, वाचनालये व करमणुकीची ठिकाणे यांचा अंतर्भाव असल्याने पंचायत सदस्यांकडे अशा मागण्या नेहमी येतात. पंचायतीने रक्कम द्यावयाची झाल्यास ठराव, मंडळाचा मागील वर्षाचा जमाखर्च आणि खर्चानंतर उपयोगिता प्रमाणपत्र, या तीन गोष्टींचा आग्रह धरावा. शिस्त लावण्याच्या दृष्टीने ग्रंथालयांचे उदाहरण घेण्याजोगे आहे. १९६७ च्या महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालये अधिनियमाखाली मान्यता व वर्गवारीनुसार अनुदान मिळत असल्याने त्यांना दरवर्षी लेखापरीक्षित हिशोब द्यावाच लागतो. शासनाकडून भरीव अर्थसाहाय्य मिळणाऱ्या संस्था माहितीच्या अधिकाराच्या कक्षेत येऊ शकतात, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये डी. ए. व्ही. महाविद्यालय न्यासाच्या प्रकरणात दिला आहे.

गावाबाहेर गेलेला माणूस गावच्या हौसेला सढळ हाताने मदत करतो. मुंबईकरांच्या देणगीवर कोकणातील किती रंगमंच उभे राहिले याची गणती नाही. देणगीदारास प्राप्तिकरात सवलत हवी असेल, तर २,००० रुपयांवरील रक्कम त्याने रोखीने देऊ नये. परदेशी गेलेल्यांबाबत अधिक काळजी घ्यावी लागते. भारताचे नागरिकत्व कायम असलेल्या व्यक्तीने बँकेमार्फत आपल्या बचतीतून पाठविलेली रक्कम विदेशी अंशदान ठरत नाही. परंतु तीच व्यक्ती अमेरिकेची नागरिक झालेली असेल, तर २०१० च्या विदेशी अंशदान (विनियमन) अधिनियमाखाली नोंदणी किंवा पूर्वपरवानगी असल्याखेरीज मंडळाला तिची देणगी स्वीकारता येत नाही. मग तो देणारा अध्यक्षांचा सख्खा भाऊ का असेना.

शिक्षक आणि शासकीय सेवक

गावात हिशोब लिहिण्याचे काम हटकून गुरुजींकडे येते. अक्षर चांगले, स्वभाव सरळ आणि ‘नाही’ म्हणण्याची सवय नाही! परंतु महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९७९ अन्वये शासकीय सेवकास पूर्वपरवानगीखेरीज निधी जमविण्याच्या कामात भाग घेता येत नाही. जिल्हा परिषदेच्या शिक्षकांनी १९६७ चे जिल्हा सेवा वर्तणूक नियम पाहून व गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे लेखी विचारणा करूनच असे पद स्वीकारावे. हिशोब तपासून देणे, तरुणांना रोजकीर्द लिहावयास शिकविणे यांत मात्र कोणताच अडथळा नाही. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर आणि पुढे देशाचे अर्थमंत्री झालेले चिंतामणराव देशमुख यांचे नाव रोह्यातील महाविद्यालयास दिलेले आहे. तेथील वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्यांना गावोगावच्या मंडळांचे जमाखर्च नीट लावून देण्याचा उपक्रम दिला, तर अभ्यास आणि लोकसेवा दोन्ही साधेल.

शेवटी एका दुर्लक्षित कागदाविषयी. नोंदणीकृत संस्थेत नवे विश्वस्त आले, कोणी राजीनामा दिला, कोणाचे निधन झाले किंवा पत्ता बदलला, तर नव्वद दिवसांच्या आत ‘बदल अर्ज’ दाखल करावयाचा असतो. हा अर्ज न दिल्यामुळे नोंदवहीत दिवंगत संस्थापकांचीच नावे राहतात. बँक नव्या पदाधिकाऱ्यांच्या सह्या स्वीकारत नाही, अनुदानाचा प्रस्ताव परत येतो आणि चांगला चाललेला उपक्रम वारस शोधत बसतो. ज्या मंडळांचे असे अर्ज राहून गेले असतील, त्यांनी विलंबाच्या कारणासह अलिबाग येथील सार्वजनिक न्यास नोंदणी कार्यालयाकडे ते दाखल करावेत. सोबत नियुक्तीची सभा, तिची सूचना, इतिवृत्त आणि नव्या विश्वस्तांची संमतीपत्रे जोडावी लागतात. जुनी इतिवृत्ते सापडत नसतील, तर शोधाची सुरुवात मावळत्या चिटणीसाच्या घरच्या माळ्यापासून करावी. बहुधा ती तेथेच असतात.